तिसऱ्या पानावरची खाच

कौसल्याचा दिवस पाण्याने उजाडतो. पहाटे पाचला परळच्या त्या चाळीत नळाला धार येते आणि साडेपाचला जाते. तेवढ्यात पिंप, दोन कळशा आणि स्वयंपाकाची टाकी भरायची, मग अंघोळ, मग वंदना. भिंतीतल्या फळीवर बुद्धाची पांढरी मूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर. पुढे मेणबत्ती, दोन अगरबत्त्या, वाटीत ताजं पाणी आणि असतील ती फुलं. त्रिशरण, पंचशील ती मोठ्याने म्हणते, खणखणीत. लग्न होऊन आली तेव्हापासून एक सकाळ चुकलेली नाही. बाळंतपणात खाटेवर पडल्यापडल्या म्हणायची. भिंतीपलीकडच्या आनंदीबाई सांगतात, “तुझं पंचशील झालं की मी कुकर लावते. घड्याळ बघायचं कामच नाही.”

ती वंदनेला बसते तेव्हा तिचा नवरा रामदास गॅलरीत असतात. कठड्याला तारेने बांधलेल्या कुंडीत त्यांचं एक झाड आहे. अननसाच्या कुळातलं, पुस्तकात ब्रोमेलियाड म्हणतात, बागेतले माळी त्याला ‘बिनफळाचा अननस’ म्हणायचे. जाड, राखाडी पट्ट्यांची पानं एकमेकांत अशी बसलेली, की मधोमध पेला तयार होतो आणि पेल्यात पाणी साठतं. मुळं नावाला, झाड पितं ते त्या पेल्यातून. पण मुंबईत साठलेलं पाणी म्हणजे डास. पालिकेची माणसं पिंपं, फुलदाण्या तपासत आली की त्यांची पहिली बॅटरी त्या पेल्यात पडते.

“काका, फेका ना हे. अख्ख्या मजल्याला डेंग्यू व्हायचा.”

“बघ आत. एक अळी दाखव, कुंडी मी माझ्या हाताने खाली टाकतो.”

अळी कधी सापडली नाही. रोज सकाळी तार सोडवायची, कुंडी तिरपी करून पेला रिकामा करायचा आणि नळाचं ताजं पाणी भरायचं, हा त्यांचा नेम. वंदनेला ते बसत नाहीत. “गुडघा दुमडत नाही,” म्हणतात. आत कौसल्याचा आवाज आणि बाहेर ते पाणी, असं दोघांचं बरोबरच चालतं.

पालिकेच्या बागेत त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यातली पहिली अकरा रोजंदारीवर. कोणतं रोप कुठे जगेल, कोणत्या पानाला काय झालंय, हे साहेब लोक त्यांना विचारायचे आणि मग पाट्यांवर नाव भलत्याच माणसाचं लागायचं. रामदासांना त्याचं काही वाटत नसे. बागेतलं जुनं काचघर पाडून तिथे चालायचा ट्रॅक झाला, तेव्हा आतली झाडं ट्रकमध्ये भरून गेली. त्यातलं हे एक ते डालड्याच्या डब्यात घालून घरी घेऊन आले. तेव्हा रश्मी नववीत होती.

रश्मी त्यांची एकुलती एक. झाड घरी आलं त्याच्या आदल्या वर्षाची एक गोष्ट आहे. ती रामदासांनी कौसल्याला एकदाच सांगितली, पुन्हा कधी काढली नाही. रश्मीच्या शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम होता आणि खड्डे खणायला बागेतली माणसं गेली होती, त्यात हेही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मुली रांगेने रोपं घेऊन येत होत्या. रश्मीच्या पुढची मुलगी मागे वळून तिला म्हणाली, “ए, हा माळी तुमच्या चाळीतला ना गं?” आणि रश्मी म्हणाली, “असेल.” रोप यांच्याच हातात देऊन ती पुढे गेली.

“पोर आहे,” कौसल्या म्हणाली होती. “लाज वाटली असेल.”

“मी कुठे काय म्हटलं?” रामदास म्हणाले. “रोप नीट धरलं होतं तिने. खाली मातीला हात देऊन.”

रश्मी शिकली, नर्स झाली, लग्न केलं, ते चार वर्षांत मोडलं आणि मग ती विलायतेत, वेल्सला गेली. समुद्राकाठचं गाव आहे, तिथे म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नोकरी. आता चाळिशीला आली आहे. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आईशी ती अर्धा तास बोलायची, मग आई फोन तिकडे वळवायची. “बाबांशी बोल.” बाबा म्हणायचे, “कशी आहेस?” ती म्हणायची, “बरी आहे. तुम्ही?” ते म्हणायचे, “बरा.” मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायची, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघताहेत, आणि शेवटी रामदास म्हणायचे, “हं, दे आईकडे.”

मागच्या वर्षी गणपती होऊन गेल्यावरच्या एका रविवारी वेगळंच घडलं. आईशी चार शब्द बोलून झाले नाहीत तोच रश्मी म्हणाली, “आई, बाबांना दे ना. त्यांना विचारायचंय.”

कौसल्याने फोन दिला. पडद्यावर निळी कुंडी होती आणि कुंडीत करवतीच्या पात्यासारख्या चिंचोळ्या, काटेरी पानांचा एक झुपका. मधली पानं बुडाशी लालभडक, जणू आत कुणी कुंकवाचा करंडा उपडा केलाय.

“बाबा, नर्सरीत बघितलं आणि आपल्या गॅलरीतलं आठवलं. त्याच जातीचं आहे म्हणे. चिली देशातलं. बाहेर उघड्यावर जगतं, थंडी सोसतं, असं तिथला माणूस म्हणाला. खरं का? कसं जगवू मी हे?”

रामदासांनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. कौसल्याने तो खाली ओढून नाकावर बसवला.

त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. कुंडी कुठे ठेवायची, ऊन कुठून येतं, माती कसली आहे. “पेला कोरडा पडू द्यायचा नाही. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढ, नवं भर. खत मिळतं ना तिकडे? शेणखत? दोन मुठी घाल. आणि थंडी पडली की गोणपाट गुंडाळ. उन्हाळ्यात आम्ही नाजूक झाडांना गोणपाट बांधायचो. थंडीलाही तेच.” मध्येच थांबून म्हणाले, “डावीकडच्या तिसऱ्या पानाला काय झालं?”

“बसच्या दारात सापडलं. खाच पडली.”

“पडू दे. झाडाला काही होत नाही त्याने.”

फोन ठेवल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. कौसल्या चहा घेऊन गेली, तर म्हणाले, “विचारलं तिने मला.” चहा हातातच निवला.

मग प्रत्येक रविवार त्या झाडाचा झाला. दसरा गेला, दिवाळी गेली. रामदास सकाळपासून फोन चार्जिंगला लावून ठेवायचे. रश्मी पायऱ्यांवर बसून कुंडी मांडीशी घ्यायची, आणि हे इकडून सांगायचे, “पान वर कर. मागून दाखव. बुडाशी बोट लाव, ओल लागते का?” झाडाच्या निमित्ताने इतर गोष्टीही हळूहळू निघत. तिकडे चार वाजताच अंधार पडतो. आश्रमातली एक आजी रोज तिला आपली बहीण समजते. रात्रपाळीहून आल्यावर घरात कुणी नसतं, तेव्हा ती कोट न काढताच झाडाला पाणी घालते. हे सगळं ती बाबांना सांगत होती. कौसल्या बाजूला भाजी निवडत ऐकायची आणि मध्ये पडायची नाही. चाळीस वर्षं या दोघांमधला निरोप्या ती होती. आता तिला कुणी विचारत नव्हतं, आणि तिला ते फार बरं वाटत होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी रामदास दादरला फुलबाजारात गेले होते. तिथे त्यांचा जुना जोडीदार बाबुराव दुकान लावतो. साडेदहाला फोन वाजला. तिकडे पहाटेचे पाच. अशा अवेळी, तेही बुधवारी, रश्मीचा फोन म्हटल्यावर कौसल्याने पिठाच्या हातानेच तो उचलला.

“बाबा घरात आहेत?”

“नाहीत. काय झालं गं? बरी आहेस ना?”

“आई, ते झाड गेलं.”

कौसल्या पाटावर बसली.

“चार दिवस बर्फ पडला. मी गोणपाट गुंडाळलं होतं, ते भिजून लाकडासारखं झालं. मध्ये भरलेलं पाणी गोठलं. परवा सोडून बघितलं तर मधलं पान ओढल्याबरोबर सगळा गाभा हातात आला. वास मारत होता. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, याला हिवाळ्यात पाणी द्यायचंच नसतं. दगडात, खडीत वाढतं ते. कोरडं असलं तर थंडी सोसतं. आत पाणी राहिलं की संपलं. खतही नको होतं. खताने मऊ पडलं.”

“म्हणजे बाबांनी सांगितलं ते...”

“सगळं उलटं, आई. एकूण एक.”

मग रश्मी म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. त्यांचं झाड वेगळं, हे वेगळं. त्यांना काय माहीत इथला बर्फ? मी दुसरं आणलंय, अगदी तसंच. त्याच कुंडीत लावलंय. त्यांना कळणार नाही.”

“मला कळतंय ना?”

“आई, प्लीज. तू बघितलंस ना, ते कसे बोलतात हल्ली माझ्याशी? मला नाही घालवायचं ते. माझी शपथ आहे तुला.”

“बरं,” कौसल्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वंदनेला बसली. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं चौथं आलं आणि जीभ जड झाली. तिने ते तोंडातल्या तोंडात म्हटलं, जणू घास गिळावा तसं, आणि पाचव्याला आवाज पुन्हा चढवला. बाहेर पाणी पडत होतं. तिला वाटलं, एक दिवसाचं आहे. पण दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. शील म्हणजे नुसतं म्हणायचं नसतं, ते आपण घेतो. रोज सकाळी नव्याने घेतो. जे दुपारी मोडणार आहे ते मोठ्याने घ्यायचं कसं?

रविवार आला. पडद्यावर तीच निळी कुंडी. रश्मी फार बोलत होती, फार हसत होती.

“बघा बाबा, बर्फातून तरलं तुमचं झाड!”

“जरा डावीकडून दाखव,” रामदास म्हणाले.

तिने कुंडी फिरवली. रामदास पडद्यावर वाकले. कौसल्या भाजीच्या ताटावरून त्यांच्याकडे बघत होती, हातातली मेथीची काडी मोडायची विसरून. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“ही खडी कशाला घातलीस वर?”

“दिसायला बरी, बाबा. इथे सगळे घालतात.”

“हं. छान दिसते.” मग म्हणाले, “पाणी भरतेस ना?”

“भरते ना. दर दोन दिवसांनी. तुम्ही सांगितलं तसं.”

“हं.”

कौसल्याने श्वास सोडला. कळलं नाही यांना. पण तिला वाटला होता तसा सुटकेचा आनंद काही झाला नाही. संध्याकाळी रामदास जेवले नाहीत. “दुपारचं जड झालं,” म्हणाले. दुपारी तर त्यांनी अर्धी भाकरी टाकली होती.

पुढचे दोन महिने ती त्यांच्याकडे चोरून बघत राहिली. ते तसेच होते आणि तसे नव्हतेही. रविवारी फोन चार्जिंगला लावायचे, पण लावून विसरायचे. रश्मीला विचारायचे, पण आता एकच विचारायचे: पाणी भरतेस ना? ती म्हणायची, भरते. इकडतिकडच्या गप्पाही आटल्या. तिला त्यांच्याशी बोलताना सांभाळून बोलावं लागत असणार. आश्रमातली आजी गेली, हे तिने आईला सांगितलं, बाबांना नाही.

बाबुराव एकदा घरी आला. दारातूनच ओरडला, “जय भीम, वहिनी! काय रे रामा, लेकीचं विलायती झाड काय म्हणतंय? बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आमचा रामदास फोनवरून बाग फुलवतो!”

रामदास कौसल्याला म्हणाले, “चहा टाक याला. साखर कमी घाल, बडबड कमी होईल.”

बाबुराव हसला. कौसल्याने पातेलं चढवलं आणि गॅस पेटवताना तीन काड्या विझल्या.

मार्चमधल्या पौर्णिमेला ती नेहमीप्रमाणे पांढरी साडी नेसली. पौर्णिमेला ती आठ शीलं घेते, दुपारनंतर जेवत नाही, संध्याकाळी विहारात जाते. पण त्या सकाळी मूर्तीपुढे बसली आणि मेणबत्तीच पेटवेना. नुसती बसून राहिली. शेवटी उठली आणि गॅलरीत गेली. रामदास तार सोडवत होते. समोरचं मोकळं पडलेलं बिऱ्हाड पत्रे लावून बंद केलं होतं. चाळ पाडून नवी बांधायची होती, म्हणून निम्मी बिऱ्हाडं भाड्याच्या खोल्यांत गेली होती आणि गॅलरीत या एका झाडाशिवाय हिरवं काही उरलं नव्हतं.

“मला तुम्हाला एक सांगायचंय,” ती म्हणाली.

“नको सांगूस.”

“ऐकून तर घ्या.”

“खाच नाही,” रामदास म्हणाले.

“काय?”

“पहिल्या झाडाला डावीकडच्या तिसऱ्या पानावर खाच होती. या झाडाला नाही.” त्यांनी कुंडी कठड्यावर टेकवली. “आपल्याला चाकू लागला तर महिन्यात भरून येतं. पानाचं तसं नसतं. पान मरेपर्यंत खाच तिथेच राहते. मी चौतीस वर्षं काय बघत होतो?”

कौसल्या म्हणाली, “मग त्याच दिवशी बोलला का नाही?”

“तू बोललीस?”

“तिने शपथ घातली होती.”

“मला माहीत होतं, तुलाही सांगितलंय म्हणून. त्या बुधवारनंतर चौथं शील तू तोंडातल्या तोंडात म्हणतेस. तीन मोठ्याने, चौथं गायब, पाचवं मोठ्याने. मी बसत नाही म्हणून काय ऐकतही नाही?”

तिला रडू आलं, पण रडण्याआधी राग आला. “दोन महिने! दोन महिने मी आत जळतेय, आणि तुम्ही इथे उभं राहून शीलं मोजताय! आणि वर दर रविवारी तिला विचारता, पाणी भरतेस का म्हणून? ठाऊक असून? ती खोटं बोलते हे ठाऊक असून तिला खोटं बोलायला लावता?”

“मग काय विचारू?”

कौसल्याने पदराने डोळे पुसले.

“सांग ना. दुसरं काय विचारू तिला मी? तिच्या औषधांतलं मला कळतं? तिकडच्या गावातलं काही कळतं? नवऱ्याचं विचारू? मला एवढंच येतं. तेवढंच तिने विचारलं होतं, आणि तेवढंच मी चुकीचं सांगितलं.” ते बोलताना तिच्याकडे बघत नव्हते, पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते. “मी म्हटलं, तेच कूळ, तोच पेला. तिच्या झाडाला पेला नाहीच मुळी. पहिल्याच दिवशी नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. पानं कशी उभी, काटे कसे. दगडातलं झाड ते. मी बघितलंच नाही. ती विचारतेय, याच आनंदात होतो.”

खाली कुणाचा तरी दूधवाल्याशी वाद चालला होता. आनंदीबाईंच्या खोलीतून कुकरची शिटी ऐकू आली नाही. कौसल्याचं पंचशील झालं नव्हतं.

“ती आता पाणी घालत नाही,” रामदास म्हणाले. “बुडाशी धूळ असते. पानं ठणठणीत कोरडी. भरते म्हणून सांगते आणि घालत नाही. बरं करते. माझं ऐकत नाही म्हणून ते जगलंय.”

“तिला सांगते मी. म्हणजे तिचाही जीव मोकळा होईल.”

“नाही.” हे ते एवढ्या जोराने म्हणाले की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग आवाज उतरला. “तिला वाटतंय, बाबांना कळलं नाही. एवढं तरी राहू दे तिच्याकडे. माझ्यासाठी दुसरं झाड विकत आणलं तिने. मागे ओळखसुद्धा दिली नव्हती.”

“ती म्हणते तुम्हाला सांगू नको. तुम्ही म्हणता तिला सांगू नको. मी काय ट्रंक आहे, एकाचं वर, एकाचं खाली ठेवायला?”

रामदासांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. तेवढंच. मग त्यांनी कुंडी तिरपी केली, पाणी नालीत सोडलं आणि तांब्याने पेला भरला. कौसल्या आत गेली, मेणबत्ती पेटवली आणि त्या पौर्णिमेला तिने आठ शीलं घेतली नाहीत. पाचच घेतली. त्यातही चौथं कसं घेतलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्यानंतरच्या रविवारी रश्मीने झाड दाखवलं. तिकडे ऊन पडलं होतं. खडीवर दोन सुकी पानं होती.

“पाणी भरतेस ना?”

“भरते, बाबा.”

“शाब्बास,” रामदास म्हणाले. “अगदी आता करतेस तसंच चालू ठेव. काही बदलू नकोस. माझं ऐकतेस, म्हणून जगलंय.”

रश्मी पडद्यावर क्षणभर थांबली. कौसल्याला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, “हो बाबा,” आणि खाली बघत कुंडीवरची नसलेली धूळ झटकत राहिली.

झाड बरं होतं आणि बऱ्या झाडाबद्दल बोलायला काही नसतं. एप्रिलपासून रविवारचा फोन दहा मिनिटांत आटपू लागला. मग तिच्या पाळ्या बदलल्या आणि तो पंधरा दिवसांवर गेला. रामदासांनी तक्रार केली नाही. फक्त फोन चार्जिंगला लावायचं काम पुन्हा कौसल्याकडे आलं.

पावसाळ्यात गॅलरीतलं झाड फुललं. गुलाबी काटेरी बोंड, त्यातून जांभळी टिकलीएवढी फुलं. या जातीचं असं असतं की फूल आलेलं झाड परत फुलत नाही. हळूहळू वाळतं, आणि जगलीच तर बुडाशी आलेली पिलं जगतात. यावेळी पिलू एकच आलं होतं, तेही मुसळधार पावसात कुजलं. रामदासांनी ते उपटून हातात धरलं, हुंगलं आणि टोपलीत टाकलं. मोठं झाड बाहेरून पिवळं पडू लागलं. पेला मात्र ते रोज भरत होते.

“जाणार का हे?” कौसल्याने विचारलं.

“वर्षभर काढेल. आपलं घर रिकामं व्हायचं, त्याच सुमारापर्यंत.”

सप्टेंबरात एका सकाळी रश्मीचा फोटो आला. कॉल नाही, नुसता फोटो. निळी कुंडी, आणि झुपक्याच्या मधली सगळी पानं लाल, आणि लालाच्या अगदी मधोमध फिकट निळ्या फुलांची गच्च चकती, जणू कुणी आकाशाचा तुकडा कातरून बसवलाय. खाली तिने लिहिलं होतं: “बाबा, फुललं! तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं.”

रामदासांनी ते वाचलं. मग फोन लांब धरून पुन्हा वाचलं. बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. कौसल्याला ठाऊक होतं, ते काय शोधताहेत.

“सुंदर आलंय,” ती म्हणाली.

“हो. सुंदर आलंय.”

“काहीतरी लिहा तिला.”

त्यांना टाइप करायला वेळ लागतो. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं: शाब्बास. मग फोन तिच्याकडे दिला आणि कोरड्या आवाजात म्हणाले, “बाबुरावला दाखवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पाणी आलं. पिंप भरलं, कळशा भरल्या. कौसल्याने अंघोळ केली, अगरबत्ती लावली, वाटीत ताजं पाणी ठेवलं आणि वंदनेला बसली. बाहेर तार सुटल्याचा आवाज आला, मग तांब्यातून धार पडू लागली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. तिचा आवाज थांबला. आणि बाहेरची धारही थांबली.

ती तशीच बसली होती. गॅलरीत काही हलत नव्हतं. मेणबत्तीचा एक थेंब ओघळून फळीवर पडला.

मग तिने चौथं म्हटलं. मोठ्याने नाही, पण गिळूनही नाही. एवढंच, की दारापर्यंत जाईल. ते संपलं आणि बाहेर पुन्हा पाणी पडू लागलं.